खाडीत ओतलेला साबण

"पण तेल गेलां खंय?" असं विचारून सर काचेचा पेला उजेडाला धरायचे आणि एक डोळा मिटायचे. खाडीकाठच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. उत्तर पाठ असलेला पोरगाही त्या उघड्या डोळ्यापुढे चाचरायचा.

पेल्यात पाणी, वर खोबरेल. साबणाचं पाणी घालून ढवळलं की तेलाचा थर नाहीसा आणि पाणी दुधाळ. सर रंगात आले की मालवणीवर यायचे. "साबणाच्या कणाक डोकां आसा, शेपूट आसा. डोकां पाण्यात रमता, शेपूट तेलात. दोघांच्या मधी ते दाटीन उभे रवतत, तेलाचे बारीक थेंब करतत नि एकेकाक वेढून धरतत. मगे ते थेंब परत एक होयत नाय."

तेल जातं, एवढंच मी त्यातून घेतलं.

पुढे काही वर्षांनी जेटीजवळ एका ट्रॉलरचं डिझेल सांडलं. खाडीवर रंगीत साय पसरली. मी विशीतला, आमचं घर चळवळीचं, तिथे जेवणाआधी पत्रकं वाटली जायची. त्याच दुपारी छापून आणलं : 'खाडी आपली, सफाई आपली. घरटी एक पुडा कपड्यांची पावडर घेऊन या.' सरांना विचारलं नाही. सारी वाडी लोटली, पुडे खाडीत रिते झाले. तासाभरात साय गेली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ट्रॉलरच्या मालकाने वाजवल्या, हे मला तेव्हा खटकलंही नाही.

सर छत्री टेकत आले.

"बघा सर, स्वच्छ!"

"तेल गेलां खंय?"

मी पाण्याकडे बोट केलं.

"वर होतां तेव्हा गोणपाटान टिपूक जमलां असतां. आता तू तेचे लाख थेंब केलंस नि खाली धाडलंस. खाली कोण रवता रे?"

खाली चिखलात तिसऱ्या होत्या, खायचे शिंपले. ओहोटीला चिखल उकरून त्या काढायच्या आणि बाजारात विकायच्या, यावर शेजारच्या काकींचं घर चालायचं. दोन दिवसांनी काठावर शिंपले वासून पडले. काकी एवढंच म्हणाल्या, "झिला, तुझ्या कागदार माझो इश्वास होतो."

मालकाविरुद्ध अर्ज केला. कचेरीचं उत्तर आलं : पाहणीत पाण्यावर तेल आढळले नाही. तो पुरावा मीच विरघळवला होता.

सरांनी हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. 'तिसऱ्या खाऊ नका. मी धडा अर्धाच पोचवला, चूक माझी.' घरोघर स्वतः वाटल्या.

"सर, चूक माझी आहे."

"तू अर्ध्या धड्यातसून उठतंस, ता माका दिसत होतां. थांबवक नाय. चल, अजून सात घरां रवली."

त्यानंतर निवृत्त होऊनही ते दर ओहोटीला काकींबरोबर तिसऱ्या परतल्या का बघायला चिखलात उतरायचे. गुडघे दुखायचे. दोघं रिकाम्या हातांनी परत यायची. मग सर अंथरुणाला खिळले आणि एका श्रावणात गेले.

त्यांच्या तेराव्यानंतर काकी एकट्याच उतरल्या. आल्या तेव्हा तळहातावर पाच-सहा तिसऱ्या होत्या, नखाएवढ्या.

"आज सर आसाक व्हये होते," म्हणाल्या आणि त्या परत चिखलात सोडायला वळल्या.