उकिडवं बसणारा पाय

जळगाव जामोदचे उकंडराव सुतार आठवड्याचे सहा दिवस बैलगाडीची चाकं करत आणि रविवारी पहिल्या एस.टी.नं खामगावला शिकायला जात. दवाखान्यात लागणारी साधनं कशी घडवावीत, याचा तो दीड वर्षाचा वर्ग होता. महाराष्ट्र राज्य नवं होतं, उकंडराव छत्तिशीचे. "आता बुढापनात शाळा!" बायको म्हणे. पण पास झालं की मोठ्या दवाखान्यात लाकडी पाय करायची कायमची नोकरी होती.

परीक्षेसाठी त्यांनी गावातल्या मोतीराम माळ्याचा पाय करायला घेतला. साप चावल्यावर मोतीरामचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. शहरातून मिळालेला न वाकणारा पाय त्यानं गोठ्यात टाकून दिला होता. "उभं राहून कोनी वांगे तोडते का बे?"

हे एक वाक्य उकंडराव महिनाभर घोकत राहिले. मग त्यांनी घोट्यात वाकणारा पाय केला, खाली ट्रकच्या टायरचं रबर लावलं. पाय कापल्यापासून तीन वर्षांनी मोतीराम वांग्याच्या सरीत उकिडवा बसला, तो दिवस कलेपर्यंत उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मांगून चावते."

बसलं की तुटका पाय ज्यात बसे त्या लाकडी खोबणीची कड गुडघ्यामागच्या मांसात रुतत होती. कड तासली तर पाय ढिला होणार; खोबणीच नवी करायला हवी होती. तीन आठवड्यांचं काम. परीक्षा चार दिवसांवर.

परीक्षेच्या दिवशी एस.टी.त उकंडराव हळूच म्हणाले, "मोत्या, आज दुखलं तरी बोलू नको."

"काऊन?"

"मी पास झालो का दुसरा करून देतो तुले."

"देशीन ना?"

"देतो म्हनलं ना बे."

परीक्षक दोघे होते, बाहेरून आलेले. "बसा," एक म्हणाला. मोतीराम अवघडला, तसा परीक्षक हसला. "लाजता काय? सकाळी लोटा घेऊन बसता ना, तसंच!" सगळा वर्ग हसला. उकंडरावही हसले.

मोतीराम बसला, उठला.

"पुन्हा."

आठव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. दहाव्या वेळी धोतराला गुडघ्यामागे लाल डाग दिसला. तो सर्वांत आधी उकंडरावांना दिसला. घोटा समजावून सांगण्याच्या मिषानं ते पुढे झाले आणि डागाच्या आड उभे राहिले.

"पुन्हा," परीक्षक म्हणाला. "छान वाकतो."

तेरा वेळा झालं. मग मोतीराम भिंतीला टेकला.

शेवटी कागद भरायचा होता. त्यात एक रकाना रोग्याचा होता: त्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. मोतीरामला लिहिता-वाचता येत नव्हतं. परीक्षकांनी कागद उकंडरावांच्या हाती दिला आणि ते चहाला गेले.

उकंडरावांनी टाक बुडवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोठेही दुखत नाही.'

भिंतीला टेकलेल्या मोतीरामनं मान वर केली. "आता तं सांगता येते ना? चावते म्हून लिवलं का?"

"हाव."

"कुठं चावते, तेबी?"

"तेबी लिवलं."

"बरं केलं." त्यानं शाईच्या गादीवर अंगठा दाबला. "पुढच्या मानसाले तरी नाही चावनार."

उकंडरावांनी त्याचा अंगठा धरला आणि कागदावर नीट, चारी बाजूंनी उमटवला.