गाडीवर शिटणारी भावकी

सालोंगोला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं ते गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून. बायको गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. कबरीवर माती लोटली आणि कोट झटकून सरळ उभा राहिला. आणि त्या दिवशी चार बगळे शिटले म्हणून हुंदके! मला आधी रागच आला.

"अहो, लाज आहे का काही?" म्हटलं. "पाणी आणते, पुसून टाका."

"पुसून जायचं नाही हे, रेस्टीच्या आई. आत गेलंय."

खरंच गेलं होतं. काळ्याभोर रंगावर फिकट, ओबडधोबड चट्टे. बोट फिरवलं तर खळगा लागायचा. शीट वाळली आणि वर ऊन आलं की दोन तासांत रंग खाऊन टाकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी वाड्याच्या फाटकाशी कातोगो विकते. केळी आणि आतडी एकत्र शिजवण्यात माझा हात धरणारा आमच्या लुंगुज्जा वस्तीत कुणी नाही, पण गाडीतलं मला काय कळतं?

सालोंगोचं खरं नाव केझेकिया. पण जुळ्यांच्या बापाला नावानं कोण हाक मारतं? ती जुळी मोठी होऊन कुठल्या कुठे गेली, बापाकडे उरलं ते सालोंगो हे नाव. बावीस वर्षं एका साहेबाची गाडी चालवली. साहेब देश सोडून गेला तेव्हा ती जुनी, गोल पाठीची गाडी यालाच देऊन गेला. नवरीमुलींना ती गाडी भारी आवडायची. लग्नाच्या शनिवारी फिती बांधून निघाली की रस्त्यातल्या बोडावाल्यांनीही, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांनीही, वाट द्यावी. त्यावरच याचं पोट.

आणि अंगणात गाडी लावायला जागा एकच, त्या मोठ्या झाडाखाली. झाडावर बगळे. एक-दोन नाहीत, पांढरं झाड म्हणावं इतके. रस्त्यावर लावावी तर सकाळी आरसे जाग्यावर नसतात. चर्चच्या आवारात विचारलं, तर तिथला राखणदार म्हणाला, "आज तुमची घेतली तर उद्या अख्खी गल्ली येईल."

बरं, हाकला म्हणावं बगळ्यांना, तर हा पडला बगळ्यांच्या कुळातला. बगळा यांचं देवक. देवकाला दगड मारायचा नाही, अंडं फोडायचं नाही, घरट्याला हात लावायचा नाही. सगळं अंगण याची टर उडवायचं. "सालोंगो, पाहुणे आलेत वाटतं!" "सालोंगो, भावकी आहे, चालायचंच!" मीही कमी नव्हते. माझं कुळ टोळांचं. नोव्हेंबरात सगळं गाव टोळ तळून खातं आणि मी नाक दाबून बसते. मी म्हणायची, "तुमचं देवक माझ्या देवकाला गिळतं आणि तुमच्याच गाडीवर हगतं. म्हणजे माझेच आजे तुमच्या टपावर येऊन पडतात की हो!" तेव्हा तो हसायचा. तेव्हा हसण्यासारखं होतं.

मग एक बाई आली, एका नवरीची आत्या. आमच्याकडे नवरीची आत्या म्हणजे काही गंमत नव्हे. आत्या नाही म्हणाली की लग्नातला केकसुद्धा बदलतो. त्या बाईनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "देवी आलेल्या गाडीतून पोरीला पाठवू?" आणि गेली. ती लग्नं ठरवणाऱ्या मंडळींत वजन असलेली बाई. महिनाभरात सालोंगोकडे एकही लग्न आलं नाही.

शेवटी त्यानं बायकोचं शिवणयंत्र विकलं. त्या घरात विकण्यासारखं तेवढंच होतं. त्यातून गाडी नव्यानं रंगवली. आत्याबाईंकडे जाऊन हात जोडले. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी बघते. धाकट्या भाचीचं लग्न आहे. आवडली तर पुढची लग्नंही तुमच्याकडेच." म्हणजे आवडली तर जगला, नाही तर संपला.

आणि रंगारी सांगतो, "माझ्याकडे ठेवायला जागा नाही, आणि महिनाभर झाकू नका. रंग अजून कच्चा आहे, कापड चिकटेल."

झालं! झाकता येत नाही, दुसरीकडे लावता येत नाही, हाकलता येत नाही. त्यात झाडावर पिल्लांचा हंगाम, म्हणजे दिवसभर ये-जा आणि दिवसभर वरून अभिषेक. सालोंगो पहाटेपासून ओलं फडकं घेऊन बसायचा. शीट पडली रे पडली की फडकं अलगद वर ठेवायचं, घासायचं नाही, भिजू द्यायचं आणि उचलून घ्यायचं. घासलं की चरे. एक उचलेपर्यंत टपावर दुसरी. मग तो मोठी छत्री घेऊन बॉनेटवर धरून उभा राहायला लागला. एक माणूस, एक छत्री, आणि गाडी केवढी! बॉनेट वाचवावं तर डिकी जाते.

बुधवारी ऐकलं, तो वर बघून बोलत होता. "तुम्ही माझे आजे ना? आजा कधी नातवाच्या ताटात घाण करतो का? चार दिवस. फक्त चार दिवस कुठं तरी जा हो." मला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी मी त्याच्यासमोर कातोगोची ताटली ठेवली. त्यानं बाजूला सारली. कालचीही तशीच होती.

"दोन दिवस पोटात काही नाही. मरायचंय का?"

"शुक्रवारी बाई नाही म्हणाल्या तर मरायचंच आहे," तो म्हणाला. सरळ म्हणाला, जसं कुणी म्हणावं की मीठ संपलंय. "गावी जागा नाही, इथं काम नाही. मी काय करू, सांग. तू शहाणी आहेस ना, सांग."

माझं डोकं तापलं. हे असं काही ऐकलं की मला राग येतो, मी तशीच आहे. म्हटलं, "देवक तुमचं आहे, माझं नाही. मला कुठली बंदी? तुम्ही गाडी रंगाऱ्याकडे न्या, धुऊन चमकवून आणा. तोवर लाकडं फोडणाऱ्या ओमाराला सांगते. तो उत्तरेकडचा, त्याला तुमच्या-माझ्या कुळांशी देणंघेणं नाही. गाडीवरची फांदी उतरवून टाकेल. तुम्ही पाहिलं नाही, सांगितलं नाही, तुम्हाला पाप नाही."

सालोंगो फडकं पिळत राहिला. पिळायला त्यात पाणीच उरलं नव्हतं. मग म्हणाला, "त्या फांदीवरची घरटी रिकामी आहेत का?"

मी वर पाहिलं नाही. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आवाज मी रोज ऐकत होते, चुलीशी बसलं की ऐकू यायचाच. "रिकामी आहेत," म्हटलं. "पिल्लं उडाली कधीच."

त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. गाडी काढली आणि गेला.

ओमारा चढला. वरून ओरडला, "बाई, यात काही तरी हलतंय!"

"काप म्हटलं ना!"

फांदी पडली. पडताना जो आवाज झाला तो फांदीचा नव्हता. मी धावले. पालापाचोळ्यात राखेच्या रंगाची, पिसं फुटू लागलेली, लांब मानेची पिल्लं. काही गेलेली, काही चोच उघडून पाहत. माझ्यासमोर ती पण गेली. मी पोत्यात भरायला लागले. वर आयांनी असा आकांत मांडला होता की शेजारची माणसं दारात आली. मी पोतं लपवलं, जमिनीवर चुलीतली राख टाकली. कशासाठी लपवत होते, मला सांगता येणार नाही.

सालोंगो आला तो गाडी फाटकातच थांबवून. आरशासारखी चमकत होती गाडी. तो गाडीकडे बघत नव्हता, वर गरगरणाऱ्या बगळ्यांकडे बघत होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"तुला माहीत होतं?"

मी रडायला लागले. "आवाज ऐकला होता हो. तुम्ही जेवत नव्हता. माझं डोकं फिरलं. मला मारा, काय वाटेल ते करा."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. थंड हात.

"मी पण ऐकला होता," तो म्हणाला. "चार दिवस छत्री घेऊन त्यांच्याच खाली उभा होतो मी. तू रिकामी म्हणशील म्हणूनच तुला विचारलं."

मग त्यानं पेटीतून झाडाच्या सालीचं कापड काढलं, मेलेल्या माणसाला गुंडाळतात ते. स्वतःसाठी ठेवलेलं असणार. अकराच्या अकरा त्यात बांधली आणि भिंतीकडेला पुरली. मी फावडं धरायला गेले तर म्हणाला, "तू नको. हे घरच्यांचं काम आहे."

शुक्रवारी दुपारी आत्याबाई आल्या. गाडीवर ठिपका नाही. झाडावर बगळाही नाही, एकूण एक गेले होते. बाईंनी फेरी मारली, वाकून बॉनेटमध्ये आपला चेहरा पाहिला, कमरेचा पट्टा सारखा केला आणि हसल्या. "वा! आता कशी नवरीची गाडी वाटते. उद्या नऊला या. आणि डिसेंबरातली तीन लग्नंही धरा." जाता जाता सहज विचारलं, "झाडाखाली उभी असते ना? मग इतकी स्वच्छ कशी राखलीत हो?"

मी चुलीपाशी बसून डोळे वटारत होते. गप्प बसा हो, देवासाठी गप्प बसा.

"पिल्लांसकट फांदी तोडवली," सालोंगो म्हणाला. "बगळ्यांची. मी बगळ्यांच्याच कुळातला."

बाईंनी बॉनेटवरचा हात उचलला. त्यांनाही दोष कसा देऊ? ज्यानं स्वतःच्या देवकाची पिल्लं मारवली, त्याच्या मागे कोणती आत्या नवरी बसवेल? फाटकाबाहेर जाऊन त्यांनी बोडाला हात केला.

मी तरातरा त्याच्यासमोर गेले. रडत होते की भांडत होते, मलाच कळत नव्हतं. "सगळं हातात आलं होतं! एवढं सगळं करून बसलो, आणि आता खरं बोलायची हौस? गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

सालोंगो पायरीवर बसला.

"काल गप्पच तर बसलो होतो," तो म्हणाला.