अक्काने पाहिलेलं कॉलेज

अक्का कुणाच्याही घरी गेली की पुढच्या खोलीत बसायची नाही. "आहात का गं घरात?" अशी हाक मारायची आणि थेट मागच्या दारी जायची. मोरी, न्हाणी, पाण्याची टाकी, सगळं बघून झालं की मग पदराने कपाळ टिपत पुढे येऊन कॉफी घ्यायची. "पुढचं दार लोकांना दाखवायला असतं. माणसं राहतात मागच्या दारी," असं तिचं म्हणणं. बंगळूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांतल्या कितीतरी सोयरिकी तिने अशा मागच्या दारातून पारखून जमवल्या होत्या.

अक्का माझी आत्या, अण्णांची म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती चिकपेटेतल्या आमच्या घरी आली ती कायमची. अण्णांचं तिथेच कापडाचं दुकान होतं. अण्णा गड्यांवर डाफरत, आईवर डाफरत, आम्हा बहिणींवर तर विचारूच नका. अक्कापुढे मात्र गरीब गाय.

मी एस.एस.एल.सी. झाले तेव्हा गावात नवेनवे सरकारी कारखाने निघत होते आणि त्यांच्या ऑफिसांत टायपिंग, शॉर्टहँड येणाऱ्या मुलींना घेत होते. मला तेच शिकायचं होतं. अण्णांच्या डोक्यात हुबळीचं एक स्थळ घोळत होतं. रोज रडारड, रोज धुसफूस. शेवटी कंटाळून अण्णा म्हणाले, "अक्काला कॉलेज बघू दे. तिला पसंत पडलं तर शीक. नाही पडलं तर हुबळी." अक्काला काही म्हणजे काही पसंत पडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

पहिलं कॉलेज आमच्या घरापासून जवळच होतं. कॉलेज कसलं, मास्तरांच्या घराची पुढची खोली आणि तिथे मांडलेली चार मशिनं. अक्का नेहमीप्रमाणे सरळ मागच्या दारी गेली. झालं! हिची कीर्ती साऱ्या चिकपेटेत पसरलेली. मास्तरांच्या बायकोला वाटलं, मुलगी घेऊन घर बघायलाच आल्या. तिने घाईघाईने उप्पीट केलं, मुलाला धुतलेला शर्ट घालायला लावला आणि आणून माझ्यासमोर बसवला. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजत होता. अक्काने उप्पीट निवांत खाल्लं, मुलाला त्याचं गोत्र विचारलं, आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं. कॉलेजात काही राम नाही."

दुसरं कॉलेज नावाजलेलं. दोन मजले, मोठा बोर्ड, खोल्याखोल्यांतून पंखे. मी तर बघूनच हरखले. टाय लावलेल्या प्रिन्सिपॉलांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि कोर्सची माहिती सांगायला सुरुवात केली. अक्काने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये खणखणीत विचारलं, "मुलींचा संडास कुठे आहे?" बाई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. प्रिन्सिपॉल लालबुंद. वेगळी सोय नाही, पण आजवर एकाही मुलीची तक्रार आलेली नाही, असं ते म्हणाले. "तक्रार कशी करतील?" अक्का म्हणाली, "लाजेनं दिवसभर पाणीच पीत नसतील पोरी." शेजारच्या वर्गातली टकटक थांबली होती. दाराजवळच्या एका मुलीने मान वर करून अक्काकडे असं बघितलं, की माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

त्यानंतर अशी किती तरी कॉलेजं झाली. बोर्ड दिसला की आम्ही आत, आणि लगेच बाहेर. अण्णा संध्याकाळी विचारत, "काय, मिळालं का?" त्यांच्या आवाजातला आनंद लपत नसे. हुबळीहून विचारणा यायला लागली होती.

शेवटी मिळालं ते दंडूत. कॅन्टोन्मेंटला आमच्याकडे दंडूच म्हणायचे. एका अँग्लो-इंडियन बाईंनी आपल्या बंगल्यात वर्ग काढले होते. अक्काने तिथेही तोच प्रश्न टाकला. बाई हसल्या, स्वतः उठून आम्हाला मागे घेऊन गेल्या. स्वच्छ जागा, भरलेली बादली, मुलींसाठी वेगळी. अक्का आत गेली, कडी लावून बघितली, बाहेर आली आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. हेच."

घरी मात्र अण्णा उखडले. "दंडूत? एवढ्या लांब, परक्या वस्तीत, तरणीताठी पोर एकटी जाणार? लोक काय म्हणतील?"

"एकटी कशाला? मी जाते बरोबर," अक्का म्हणाली.

"रोज?"

"मग काय सणासुदीला? शब्द तू दिलायस, दत्तू. मी पसंत केलंय."

आठवड्यात ही थकेल, या हिशेबाने अण्णांनी होकार दिला. अक्का वर्षभर आली. नऊवारी सावरत बसमध्ये चढायची, कंडक्टरला "स्वल्प थांब रे बाबा" म्हणून दटावायची, आणि माझा वर्ग सुटेपर्यंत बंगल्याच्या व्हरांड्यात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसायची. त्या मशिनांच्या खडखडाटात तिला झोप मात्र फार छान लागे. सुट्टीत मुली तिच्याभोवती गोळा होत. ती त्यांना डब्यातली कोडबळी देई आणि प्रत्येकीला विचारी, "तुझं ठरलंय का गं कुठे?" आमच्या बाईंनाही तिने विचारलं होतं. बाई पन्नाशीच्या होत्या. दोघी हसून हसून लोटपोट झाल्या.

मी पास झाले, कारखान्याच्या ऑफिसात लागले. हुबळीकरांनी तोवर दुसरी सून आणली होती. कामाच्या पहिल्या दिवशी अक्का बसस्टॉपपर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली. "ऑफिसात कुणी आत्याला घेऊन जातं का, वेडे?" म्हणाली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. ती मनाला फार लागली.

दोन-तीन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन अक्का गेली. घराला चव राहिली नाही. त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण शकू एस.एस.एल.सी. झाली आणि तिनेही दंडूतल्या कॉलेजचा हट्ट धरला. आई म्हणाली, "अगं, आता बरोबर कोण जाणार?" मी ऑफिसला, आईचे गुडघे धरलेले. शकू रडायला लागली. अण्णा उठून आत गेले. आता हिच्यासाठी कुठलं स्थळ काढतात, या धास्तीने मी रात्रभर तळमळले.

सकाळी अण्णा कोट घालून दारात उभे. दुकानाच्या किल्ल्या त्यांनी धाकट्या काकांच्या हातात दिल्या. "चल शकू, बस चुकेल," म्हणाले.

पुढे एका शनिवारी माझं ऑफिस लवकर सुटलं, म्हणून मी तिकडे गेले. अण्णा व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघायचं नाही म्हणून नजर समोरच्या झाडावर. मी जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, कंटाळा नाही येत?"

"येतो की. फार येतो," ते म्हणाले. मग झाडावरची नजर माझ्याकडे वळवली. "अक्का वर्षभर कशी बसली असेल गं?"

आणि त्या परक्या व्हरांड्यात, आतल्या मुलींना ऐकू जाईल याची पर्वा न करता, माझे वडील मोठ्याने रडले.