इस्त्रीतला सात महिन्यांचा क्षार

देवानंद गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण मेडशीच्या आसपास त्यांच्या सूत्रसंचालनाशिवाय लग्न लागत नसे आणि तेरवीही नीट पार पडत नसे. दोन्हीकडे ते एकाच पोशाखात जात. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि घडी अशी की बोट कापावं. शब्द त्यांचे असत. घडी सुनेची असे.

सून म्हणजे सुकेशनी. बारावीला चांगले गुण पडले, नर्स व्हायचं ठरलं, आणि मग लग्न झालं. येताना माहेरहून तिने वाफेची इस्त्री आणली. आहेरातल्या सगळ्या वस्तूंत हिच्याच सोबत माहितीपुस्तिका आली होती, आणि गुरुजींची भाषणांची वही सोडली तर या घरात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सुकेशनीने ती पुस्तिका तीनदा वाचली.

जड पाण्याने इस्त्रीच्या आत क्षार साचतो आणि वाफेची भोकं बुजतात, असं त्यात लिहिलं होतं. गल्लीतल्या बोअरच्या पाण्याने तर घागरीलाही आतून पांढरा गिलावा चढत असे. म्हणून ती इस्त्रीत प्यायच्या कॅनमधलं फिल्टरचं पाणी घाली. महिन्यातून एकदा टाकीत निंबूसताचं पाणी भरून, इस्त्री तापवून, प्लग काढून ती मोरीवर आडवी धरी आणि सफाईचं बटण दाबी. वाफेबरोबर पांढरी कणी गळून पडे. मग दोनदा साध्या पाण्याने तेच, जुन्या चिंधीवर एक हात, की काम झालं. सासू लिलाबाईंना या सगळ्यातलं फक्त फिल्टरचं पाणी दिसे. "मले बोअरचं अन् इस्तरीले फिल्टरचं," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत.

सुकेशनीने नर्सिंगचा विषय काढला तेव्हा गुरुजींनी नकार दिला नाही. नकार देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं; मुलींच्या शिक्षणावर त्यांचं चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं. ते एवढंच म्हणाले, "जाय ना बाई वाशीमले, शिक. पण माह्या कपड्याचं कोण पाहीन? एवढी लग्नसराई होऊ दे."

लग्नसराई झाली. मग पंधरा ऑगस्ट आला, पोळा आला, गणपती आले, सत्कार आले. शिवाय तालुक्यात माणसं मरायची थांबत नव्हती. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि तेही आत्ताच सुचल्यासारखं. सूत्रसंचालकाला ते जमावंच लागतं.

तेव्हा दिवाळी उलटल्यावर सुकेशनीने एक गोष्ट करायचं ठरवलं. ती म्हणजे काहीही न करणं. निंबूसत आणायचं नाही, सफाईचं बटण दाबायचं नाही, टाकीत बोअरचंच पाणी घालायचं. घराच्या म्हणण्याप्रमाणे ती इस्त्रीपायी अडकली होती. इस्त्री बंद पडली की ती मोकळी. लिलाबाईंना वाटलं, सून सुधारली.

क्षार मात्र सरकारी गतीने काम करतो. जानेवारीत वाफ मंदावली. मार्चमध्ये इस्त्री थुंकायला लागली. एप्रिलात एका लग्नाच्या सकाळी तिने शर्टाच्या खिशावर तांबूस गुळणी टाकली. दुसरा शर्ट ओला होता. गुरुजी तसेच गेले आणि डाग झाकायला माइक छातीशी धरून बोलले. आवाज बारीक आला. नवरीच्या मामांना वाटलं, गुरुजी गहिवरले.

त्यानंतर कपडे बसस्टँडवरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे जाऊ लागले. चार-सहा आठवडे असेच गेले आणि जूनमध्ये एका जेवणावेळी गुरुजी आपणहून म्हणाले की आता कपडे बाहेरच जातात, तर सुनेला अडवण्यात अर्थ नाही. प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार होती. नऊच्या एसटीने ते स्वतः तिला वाशीमला नेणार होते. सुकेशनी रात्रभर त्या बोलण्यात 'पण' शोधत राहिली. सापडला नाही. सकाळी तिने गुणपत्रिका, दाखला आणि फॉर्म एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले.

तिच्या नवऱ्याचं, नवीनचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. नवीन चांगला माणूस होता. अडचण तीच होती. बायकोची माहेरची वस्तू कोपऱ्यात धूळ खात पडलेली त्याला बघवेना. रविवारी दुकान बंद ठेवून तो मोरीपाशी बसला, इस्त्री तापायला लावली आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. व्हिडिओतल्या माणसाने व्हिनेगर घ्यायला सांगितलं. मेडशीतल्या कुठल्या घरात व्हिनेगर असणार? पण व्हिनेगर म्हणजे शेवटी ॲसिडच, आणि ॲसिड तर संडासात होतं. नवीनने फरशी धुवायची बाटली आणली, तापलेली इस्त्री मांडीजवळ घेतली, टाकीचं झाकण उघडलं आणि नीट दिसावं म्हणून तोंड खाली नेलं.

सुकेशनी ओट्याशी तुरीची डाळ निवडत होती. ती गप्प राहिली असती तर इस्त्री कायमची गेली असती. एवढंच व्हायला हवं होतं. तिने इस्त्रीकडे पाहिलं, मग त्याच्या खाली वाकलेल्या चेहऱ्याकडे.

"ठेवा ते," ती म्हणाली. "डोये जातीन तुमचे. निंबूसत आणा."

त्याने बाटली खाली ठेवली आणि निरागसपणे विचारलं, "किती टाकाचं?"

मग तिला सगळंच सांगावं लागलं. एक चमचा, कोमट पाणी, अर्धी टाकी, पंधरा मिनिटं, आणि बटण दाबायच्या आधी प्लग काढायचा. नवीन एकेक गोष्ट मन लावून करत गेला. भोकांतून आधी कणी पडली, मग खपल्या, मग तांबडं पाणी. सात महिने खाली ठेवलेल्या घमेल्यात जमा झाले. तिसऱ्या खेपेला स्वच्छ पांढरी वाफ आली आणि नवीन लहान पोरासारखा हसला.

लिलाबाई पाहायला आल्या. त्यांनी सुनेला हे कसं ठाऊक, असं विचारलं, तर नवीननेच कौतुकाने सांगितलं, तिला सगळं आधीपासून माहीत होतं म्हणून.

"मंग इतके दिवस काहून नाही केलं व?" लिलाबाई म्हणाल्या.

खाटेवर गुरुजी पेपर वाचत होते, म्हणजे पान उलटायचे थांबले होते. ते उठले. नवीनने चाचणीला म्हणून इस्त्री केलेल्या शर्टाच्या बाहीवरून त्यांनी बोट फिरवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सत्काराला लागतो तो मऊ सूर होता.

"घरातच एवढं ज्ञान हाये, तं वाशीमचे मास्तर अजून काय शिकवतीन हिले?"

लिलाबाई हसल्या. नवीनही हसला. कौतुक होतं ते, आणि कौतुकाला उलट उत्तर देता येत नाही.

सोमवारी अनसिंगला कोणाची तरी शोकसभा निघाली. नऊच्या एसटीने गुरुजी एकटेच गेले, कडक घडीत. पिशवीतल्या कागदांबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

दुकान उघडायला निघालेला नवीन दारातून परत आला. सुकेशनी टेबलाशी उभी राहून दुसरा शर्ट करत होती. त्याने तिच्या हातातल्या इस्त्रीकडे पाहिलं. मग त्याचं लक्ष त्या पिशवीकडे गेलं, आणि इस्त्री सुरू करून आपण काय बंद पाडलं ते त्याला एकदाचं कळलं.

"मले सांगाचं नाही का पह्यले?"

तिने शर्टाची कॉलर उलटी केली. "सांगतलं असतं तं काय केलं असतं तुमी?"

नवीन खोटं बोलणारा माणूस नव्हता. चौकटीला टेकून त्याने मनापासून विचार केला.

"इस्तरी साफ केली असती," तो म्हणाला.