पल्याडचं कडवं

पिपरी मेघेच्या वासुदेवरावांची पोरगी लग्न लागायच्या आधीच सासरी निघाली, आणि त्याला कारण हरिदास ताकसांडेची गिटार.

साल एकोणऐंशी, वैशाखातली दुपार. नवरदेव अजून जानोशात, वऱ्हाडाच्या उताऱ्यावर, दाढी घोटून घेत होता. रूपराव मास्तरांची बँडपार्टी मांडवाच्या कोपऱ्यात चहा पीत बसलेली. हरिदासला वाटलं, तेवढ्यात भोंगा तपासून घ्यावा. त्यानं हातगाडीवरच्या बॅटरीला वायर जोडली, खुंट्या पिळल्या, आणि बोटांना जी धून सगळ्यात जास्त सवयीची, ती आपोआप निघाली. फाटकाच्या गाण्याची.

आता ही धून वर्धेकडे एकाच प्रसंगाला वाजते, पोरगी निघाली की. नवरीची आई रुख्माबाई पुऱ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं टाकलं आणि हंबरडा फोडला. त्यांच्यामागे मावशा, मावशांमागे शेजारणी. दोन काकांनी डोळे पुसत आंदणाचं कपाट उचललं आणि बैलबंडीत नेऊन घातलं. कोणीतरी नवरीची ओटी भरायला नारळ आणला. नवरी बिचारी हळदीच्या लुगड्यात, एका हातात चुडा भरलेला, दुसरा हात अजून कासारापुढे. तिलाही रडू फुटलं. आपलं लग्न कधी लागलं, हे विचारायचं तिलाही सुचलं नाही.

नेमके तेव्हाच नवरदेवाचे मामा अण्णाजी जेवणाची चौकशी करायला आले. भरलेली बंडी पाहून ते दारातच थबकले.

"व्याही, नवरदेव संगं नेता का आमी मांगून पाठवू?"

मग कुठे मांडव भानावर आला. रूपराव मास्तरांनी कपबशी खाली ठेवली. मास्तर म्हणजे क्लॅरनेट वाजवणारा, मिशीवाला, तापट माणूस.

"काऊन बे हरदास, लगन लागू देतं का नाई?"

"टेस्टिंग करून राह्यलो होतो, मास्तर."

"टेस्टिंगले दुसरं गाणं नाई भेटलं? लोकायच्या पोरी धाडून राह्यला भरदुपारी!"

लग्न पुढे रीतसर लागलं. पण खऱ्या पाठवणीच्या वेळी रडायला कोणाजवळ काही उरलंच नाही. रुख्माबाईंचा राग त्याचाच जास्त. "मले कोरड्या डोयानं पोरगी धाडाले लावली त्या गिटारवाल्यानं," हे त्या पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिल्या.

एका गाण्याची एवढी दहशत कशी बसली, हे सांगायचं तर इतिहास दोन सांगावे लागतात. एक लोकांचा, एक खरा.

लोकांचा असा की हरिदासचं एका पोरीवर प्रेम होतं. ती फाटकाच्या पलीकडे उभी, हा अलीकडे, मधून मालगाडी गेली, आणि गाडी गेल्यावर पाहतो तर पोरगी नाही. आर्वीकडे ही पोरगी स्टेशनमास्तरची असते. देवळीत ती नर्स आहे. हिंगणघाटवाल्यांनी तर तिला रुळावरच घातलं. हरिदासनं कोणालाच दुरुस्त केलं नाही. रोज सायकलवर डबा अडकवून जाणाऱ्या माणसाला फुकटात एवढं प्रेमप्रकरण मिळत असेल तर तो कशाला नाही म्हणेल?

खरा इतिहास इंग्रजीच्या पेपराचा आहे.

हरिदासचं घर सिंदी मेघेत. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. छप्पनला दीक्षा घेऊन आला त्याच दिवशी त्यानं ठरवून टाकलं की पोरगा शिकणार आणि खुर्चीत बसणार. पोरगा पाळण्यात होता तेव्हापासून बाप त्याला "साहेब" म्हणे. साहेब, दूध पेले का? साहेब, चड्डी घाला. साहेब शिकत शिकत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पोचले. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंग्रजीच्या पेपराला सायकलनं निघाले आणि फाटक पडलं. चांद्याकडून कोळशाची मालगाडी आली आणि फाटकावरच उभी राहिली. ड्रायव्हरला घाई नव्हती. त्याचा पेपर नव्हता. दोन डब्यांच्या फटीतून पलीकडे कॉलेजची कौलं दिसत होती. हरिदास कधी घड्याळाकडे बघे, कधी कौलांकडे. गाडी हलली, गार्डाचा डबा गेला, फाटक उघडलं, हरिदासनं पायडल तोडेस्तोवर सायकल मारली. हॉलचं दार लागलेलं होतं.

पेपर हुकल्याचं घरी कळलं. त्या दिवसापासून बाप त्याला नावानं हाक मारायला लागला.

त्या उन्हाळ्यात हरिदास हिरालालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. तिथे एक गिटार टांगलेली होती. पुलगावच्या डेपोतला एक फौजी बदलीवर जाताना टाकून गेलेला. तिची जाड तार तुटलेली, तिथे सायकलच्या ब्रेकच्या वायरीचा एक धागा बसवला. हिरालालनं जुन्या सेटच्या पोटातून भोंग्याला जोडायचं यंत्र काढून दिलं. रेडिओवर इंग्रजी गाणी लागत. शब्द कळत नसत, पण कोणीतरी दुःखात आहे आणि ढोलवाल्याला घाई नाही, एवढं कळे. याला रॉक म्हणतात हे हिरालालनं सांगितलं. गावाला रॉक म्हटलं की रॉकेल आठवे, पण ते असो. हरिदासनं बसल्या बसल्या गाणं जुळवलं. ताल मालगाडीच्या चाकांचा, संथ.

फाटक पडलं, तू पल्याड, मी अल्याड उभा,
मंधातून जाते मालगाडी, डब्यामागं डबा.

आणि दुसरं कडवं:

हात हालवू तं दिसत नाई, हाक मारू तं ऐकू नाई,
गार्डाचा डबा गेला तवा पल्याड कोणी नाई.

गणपतीत ते वाजलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. रूपराव मास्तर मांडवाबाहेर उभे होते. त्यांनी याला बँडमध्ये घेतलं, गिटार दिसायला चकचकीत म्हणून. पुढे एका लग्नात मास्तरांना ताप भरला, पाठवणीला क्लॅरनेट फुंकवेना. हरिदासला सबंध येणारं गाणं एकच होतं. त्यानं ते वाजवलं. नवरीची आई अशी रडली की वऱ्हाडातल्या बायांनी रूपरावांच्या बँडचा पत्ता घेतला. झालं. पाठवणीला बाकी बँडवाले वाजवायचे, हे रडवायचे. दोन वर्षांत जिल्हाभरच्या बँडांनी ती धून उचलली. चुकलेल्या पेपराचं गाणं लोकांच्या लेकी सासरी पोचवायला लागलं.

गाण्याचं हे खरं फक्त दोघांना माहीत होतं. हरिदासला आणि त्याची धाकटी बहीण सुलोचना हिला. तो परत आला त्या दुपारी चहा तिनंच केला होता.

सुलोचना म्हणजे तोंडानं फाटकी. पिपरी मेघेचा किस्सा ऐकून ती हसत हसत चुलीजवळून उठून गेली होती. पण एक्क्याऐंशीत तिचं जमलं, गिरडच्या एका शाळामास्तरशी, तेव्हा ती एका संध्याकाळी हरिदाससमोर येऊन बसली.

"दादा, तुह्या गाण्यात एक भानगड हाये."

"काय?"

"रडून राह्यला तो अल्याडवाला. गाडी गेली, कोणी नाई, सारं त्याचंच. पल्याडची काय बोलली?"

"पल्याड कॉलेज होतं, बाई. कॉलेज काय बोलन?"

"तुहं कॉलेज असन. बाकीच्या साऱ्या पोरी हायेत. आता मी जाऊन राह्यली. मले पल्याडचं एक कडवं पायजे. माह्या पाठवणीले वाजवजो."

हरिदास म्हणाला, "त्यात काय! करतो."

म्हणताना त्याला खरंच सोपं वाटलं होतं. अख्ख्या जिल्ह्याला रडवणारा माणूस, बहिणीसाठी दोन ओळी जुळवायला काय लागतं? तो रोज दुकानातून आल्यावर गिटार घेऊन बसे. पहिल्या ओळीत पोरगी पलीकडे असे, दुसऱ्या ओळीत हा पुन्हा अलीकडे येऊन उभा राही आणि रडायला लागे. एकदा तर चार ओळी झाल्या. सुलोचनाला म्हणून दाखवल्या. तिनं भाजी निवडता निवडता ऐकल्या.

"हे बी तूच बोलून राह्यला, दादा. नुसतं लुगडं नेसला."

शेवटी त्यानं आईला गाठलं. तानाबाई अंगणात शेणाचा सडा टाकत होती.

"माय, तू या घरी आली तवा तुह्या मनात काय आलं होतं?"

तानाबाईनं पोराकडे पाहिलं. असा प्रश्न तिला आजवर कोणी केला नव्हता.

"मले वाटलं, चुलीचं तोंड कोणीकडं असन."

"अजून?"

"अजून काय? धूर डोयात गेला तं रडली. लोकायले वाटलं, मायची याद आली."

हरिदासनं मान हलवली. चुलीच्या तोंडाचं काय गाणं होणार? असं त्याला तेव्हा वाटलं.

लग्न घरासमोरच झालं. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, नवरी पांढऱ्या साडीत, पंचशील, फुलं. बँड अर्थातच रूपरावांचा. पाठवणीला गिरडची जीप लागली. मास्तरांनी खूण केली, हरिदासनं सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तानाबाई रडली, शेजारच्या बाया रडल्या. बाप खांबाला टेकून उभा होता, तोही. सुलोचना तेवढी रडत नव्हती. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून ती भावाकडे बघत होती. गाणं संपलं की तिसरं येईल म्हणून.

हरिदासनं तिसऱ्या कडव्याची नुसती चाल वाजवली. शब्दांच्या जागा रिकाम्या ठेवून. मास्तरांना वाटलं नवी हरकत आहे, त्यांनी मागून क्लॅरनेट धरलं. लोकांना तर ते फारच आवडलं. पण जिच्यासाठी होतं तिला बरोबर समजलं. ती गर्दीतून परत आली, आणि गिटारच्या तारा छेडायची त्याची पट्टी, साबणाच्या डबीच्या झाकणातून कापलेली निळी, तिनं त्याच्या बोटांतून काढून घेतली.

"कडवं दे अन् घेऊन जा," ती म्हणाली, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

ती पट्टी सात वर्षं गिरडला सुलोचनाच्या गुंड्यांच्या डबीत पडून राहिली. हरिदासनं कंगव्याची पट्टी कापून पाहिली, मग घड्याळाची काच, मग औषधाच्या डबीचं झाकण. कशाचाच आवाज तसा निघेना. मास्तर म्हणत, "तुही गिटार बोबडी झाली बे." नंतर मास्तरांनाही ते म्हणायची गरज उरली नाही, कारण ढोल-ताशे बडवणारे धुमाळवाले आले, पेटीसारखी जपानी वाद्यं आली, आणि लग्नात माणसं रडण्यापेक्षा नाचायला जास्त मागू लागली. हरिदास पुरता हिरालालच्या दुकानात बसला. टेप दुरुस्त करू लागला. कधी कोणाच्या टेपात त्याचीच धून अडकलेली निघे, कुठल्या तरी बँडनं वाजवलेली, वर कोणाचंच नाव नाही. तो टेपचं हेड साफ करून देई आणि वाजवून बघायला तेवढा तुकडा जरा जास्त वेळ ठेवी.

गाणं मात्र कुठे गेलं नाही. गावोगावच्या बायांनी त्याला आपापली कडवी जोडली. कोणी दळणाचं, कोणी विहिरीचं. अठ्ठ्याऐंशीत हरिदास भाच्याच्या वाढदिवसाला गिरडला गेला, तेव्हा सुलोचनानं त्याला गल्लीतल्या बायांची दोन-तीन कडवी म्हणून दाखवली.

"मंग घे ना त्यातलं एक," हरिदास म्हणाला. "मस्त हायेत."

"ते त्यायचे. माहं कुठी हाये?"

तिनं डबी आणली, निळी पट्टी काढून त्याच्यासमोर ठेवली, वर बोट ठेवून. हरिदासनं पट्टीकडे पाहिलं. आणि मग त्याला जे सात वर्षांत सुचलं नव्हतं ते सुचलं. आईला विचारलं होतं, स्वतःला विचारलं होतं.

"सुलू, जीपवर पाय ठेवला तवा तुह्या मनात काय होतं?"

सुलोचनानं मान वर केली.

"आता इचारतं? तवा इचारलं असतं तं तवाच झालं असतं."

"सांग ना."

"तुह्या भोंग्याची वायर रस्त्यावर पडली होती. मले वाटलं, जीप पुढं गेली तं वायर चाकाखाली येते. तुह्या गाण्याचा आवाज बंद होते. म्हणून म्या डायवरले म्हटलं, भाऊ, गाडी मांगं घेऊन वयव."

हरिदास हसला. मग त्याला हसू आवरायला बराच वेळ लागला, आणि डोळे पुसावे लागले. सुलोचनानं पाण्याचा गडवा पुढे केला.

"हाय का याचं कडवं?" तिनं विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "आता खरंच हाय."

"मंग म्हण."

त्यानं तोंड उघडलं. पहिला शब्द आलासा वाटला. पण तेवढ्यात बाहेर एस.टी.नं हॉर्न दिला, आणि त्यानंतर गाडी संध्याकाळीच होती. सुलोचनानं पट्टीवरचं बोट काढलं नाही.

"पोळ्याले आणतो," हरिदास पायात चप्पल सरकवत म्हणाला. "पक्कं."

"येजो," सुलोचना म्हणाली, आणि पट्टी डबीत टाकून झाकण लावलं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. वायर, चाक, मांगं घे, वयव. जाम गावच्या चौफुलीपर्यंत दोन ओळी जवळजवळ जुळल्या होत्या. तिथे एक वऱ्हाड चढलं, धुमाळवाल्यांसकट, आणि ताशा गाडीतच सुरू झाला.