चिंचेचा मान

"ज्याला पळता येत न्हाई, त्यानं दुसऱ्याला खाजवायला लावावं."

हे धुरपदाआत्याचं वाक्य. पायात बाभळीचा काटा मोडला, की काटा काढून बाभळीकडं कौतुकानं बघायची आणि हे म्हणायची. शेळी घाणेरीला तोंड लावून शिंकत मागं सरली, की शेळीला ऐकवायची. रुईचा चीक, वांग्याच्या देठावरचे काटे, लुगड्याला चिकटणारी कुसळं, सगळ्यांचा तिला अभिमान, जणू तिनंच शिकवून ठेवलेली पोरं. झाड उगवलं तिथंच जन्म काढतं, ती सांगायची. गाय आली तरी तिथंच, अळी आली तरी तिथंच. ओरडता येत नाही, धावता येत नाही. मग ते गुमान पानात नि सालीत आपली तजवीज करून ठेवतं. हे ती इतकं सावकाश सांगायची, की ऐकणाऱ्याच्या ताटातली भाकरी गार व्हायची.

तिचं सगळ्यात लाडकं म्हणजे अळू. कवठे येमाईत भावाच्या मळ्यात, विहिरीच्या पाटाकडेला, तिनं अळूचा एक वाफा राखला होता. सकाळच्या उन्हात त्या पानांवर पाण्याचे थेंब असे लोळायचे, की बघणाऱ्यालाही लोळावंसं वाटावं. पण जात खाजरी. कापताना आत्या कोपरापर्यंत गोडंतेल चोळायची. गावात कार्य निघालं, की कढईत अळू तिच्याच वाफ्यातलं, आणि त्याची खाज मारायला चिंच.

आता या चिंचेचं सांगितलं पाहिजे. आमच्या भावकीत प्रत्येक कामाचा मान ठरलेला. चूल पेटवायची एका घरानं, मीठ टाकायचं दुसऱ्यानं, आणि कढईत चिंचेचा कोळ ओतायचा तो वरच्या आळीच्या भिमाजीआप्पांनी. मागच्या साली आप्पा शिरूरला दवाखान्यात पडले, म्हणून खालच्या आळीच्या म्हाळूआबांनी कोळ ओतला. तेव्हापासून आबांना तो मान सोडवेना.

अशात आत्याच्या भाचीची, सुलक्षणाची सुपारी निघाली. मुलगा रविराज, दौंडकडचा. पोरगा गरीब गायीसारखा, सुलक्षणाला मनापासून आवडलेला. अडचण एकच, त्याचे चुलते मारुतराव. हा माणूस बोलायला लागला की बोरवेल लागल्यासारखा. त्यांच्या बोलण्यानं आजवर दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि त्याचाही ते अभिमान सांगत.

जीपमधून उतरून चहा पितापिताच त्यांनी जाहीर केलं, की लग्नानंतर पोरीनं कंपनीतली नोकरी सोडायची. सुलक्षणा कंपनीत मालाची तपासणी करायची, गावातून बसनं जायची, आणि त्या नोकरीवर तिचा फार जीव. बाकीची बोलणी जेवणानंतर, मारुतराव म्हणाले. उपाशीपोटी आपण शब्द घेत नाही आणि देतही नाही.

रविराजनं तोंड उघडलं. चुलत्यांनी नुसतं बघितलं. रविराजनं तोंड मिटलं.

सुलक्षणा मांडवामागं कढईपाशी आली. "आत्या, नोकरी सोडायची न्हाई मला. आन् माणूसबी सोडायचा न्हाई. सांग, कसं करू?"

आत्याची नजर कढईकडं गेली. समोर भिमाजीआप्पा आणि म्हाळूआबा कोळाच्या पातेल्याचा एकेक काठ धरून उभे होते. आप्पा म्हणत होते, तुमच्या हातानं ओतलेली चिंच गोड लागती. आबा म्हणत होते, तुम्ही परत दवाखान्यात जा, तिथं मान मिळंल. आचारी बिचारा लांब उभा. नैवेद्याआधी भाजी चाखायची नाही हा रिवाज, आणि चिंचेला हात लावायची त्याची छाती नाही.

आत्यानं मधे जाऊन पातेलं अलगद काढून घेतलं. "भांडू नका. मी बघते," म्हणाली. आप्पांना वाटलं, मानाचा वाद आपल्या बाजूनं सुटला. आबांनाही तेच वाटलं. दोघं खुशीत मांडवात जाऊन बसले. आत्यानं पातेलं पाटीखाली झाकलं आणि वर स्वतः बसली.

पहिली पंगत पाहुण्यांची. मी वाढायला होतो, तेव्हा हे माझ्याकडूनच ऐकलेलं खरं धरावं. आत्या स्वतः अळूचं बुटलं घेऊन फिरली. मारुतरावांना तिनं आग्रहानं तीनदा वाढलं. रविराजला लहानपणापासून अळू आवडत नाही, त्यानं द्रोण बाजूला सारून जिलेबी खाल्ली.

आधी एक जण खोकला. मग दुसऱ्यानं गळा चोळला. बघताबघता अख्खी पंगत जिभा बाहेर काढून बसली, जशी दुपारच्या उन्हात कुत्री बसतात. ताकाचं पिंप आटलं. मारुतराव उभे राहिले, बोट वर केलं, बोलायला गेले, आणि आतून रवी घुसळल्यासारखा आवाज आला. तेवढाच.

मांडवात अशी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. त्या शांततेत रविराज उठला. आधी घाबरून चुलत्यांकडं बघितलं. चुलते जीभ चोळत होते.

"सुलक्षणा यांची नोकरी चालू राहील," तो म्हणाला. "आमच्याकडनं कुणाला काही बोलायचंय का?"

त्याच्याकडच्या कुणालाही काही बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात आत्या गुळाचा ठोकळा घेऊन मारुतरावांपुढं गेली. खाजेला गूळ बरा, हे त्यांनाही ठाऊक. दोन्ही हातांनी त्यांनी तो तोंडात कोंबला. मांडवातल्या बायाबापड्यांनी बघितलं ते एवढंच, की नवऱ्याच्या चुलत्यानं भर मांडवात गूळ खाऊन तोंड गोड केलं. म्हणजे जमलं. म्हाळूआबांनी आरोळी दिली, वाजंत्री सुरू झाली. मारुतराव दोन्ही हात हलवून नाही नाही सांगू लागले, तर लोकांना वाटलं, नाचतायत. दोन पोरं त्यांच्या बाजूला जाऊन नाचू लागली.

आत्यानं मग पाटीखालचा कोळ कढईत ओतला, भाजीला चांगल्या उकळ्या आणल्या, आणि दुसरी पंगत आम्ही बोटं चाटत उठवली. आप्पा नि आबा, दोघंही म्हणाले, यंदा चिंच अगदी बेताची पडली.

उन्हं कलल्यावर आत्या खोरं घेऊन मळ्याच्या वाटेला लागली. रिकाम्या झालेल्या वाफ्याला पाणी सोडायचं होतं. मारुतराव मांडवाच्या खांबाला टेकून, एका गालात गूळ धरून तिच्याकडं बघत होते. ती ओढ्यापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही, आणि दुसरा खडा मला खुणेनंच मागितला.