स्टोअररूम मिळणेबाबत

विषय : आमच्या दवाखान्यास एक स्टोअररूम मिळणेबाबत.
संदर्भ : डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटांसाठी वेगळी खोली मिळणेबाबतचा आमचाच आधीचा अर्ज.

वरील विषयी सविनय सादर की, मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी दवाखान्यात हेडक्लार्क होतो. दवाखान्यात फायली साठतात तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किस्सा मागितला की लगेच सापडतो!

*

आमचे डॉ. महाजन डोक्याचे वेडे होते. म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्याचे. खिशात टॉर्च, हातात वही. बेशुद्ध माणसाच्या डोळ्यांत दर पंधरा मिनिटांनी उजेड टाकायचा, दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का बघायचं, चिमटा काढायचा आणि सगळं वहीत लिहायचं. अशा वह्यांचे गठ्ठे झाले होते. मला म्हणायचे, "बेशुद्ध माणूस सारखा काहीतरी सांगत असतो, बाबूजी. आपलंच लक्ष नसतं!"

जेवणानंतर एकदा माझा जरा डोळा लागला. पापणी वर करून थेट टॉर्च! मग चिमटा! वहीत नोंद करत डॉक्टर म्हणाले, "बाहुल्या उत्तम. हात हलला. फाईल मात्र हलली नाही."

*

हसण्यासारखी नसलेली एकच गोष्ट आहे, ती सांगून टाकतो.

देडतलाईचा एक गडी बैलगाडीवरून डोक्यावर पडला. दुपारी जनरल वॉर्डात बसून त्यानं केळं खाल्लं, बायकोची थट्टा केली आणि झोपला. सगळ्यांना वाटलं, दमलाय. संध्याकाळी बायको उठवायला गेली, तर संपलेला. डोक्यात आत रक्त साचत गेलं होतं. दर पंधरा मिनिटांनी कोणी हलवून पाहिलं असतं, तर वेळेवर कळलं असतं.

डॉक्टरांनी वही मिटली. मग माझ्या टेबलाशी आले. "अर्ज लिहा. एक खोली, एक नर्स, एक टॉर्च."

अर्ज नागपूरला गेला. "उत्तर येईपर्यंत लोकांनी डोकी सांभाळायची का?" असं म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टोअररूम रिकामी केली. तिथल्या मोडक्या खाटा माझ्या ऑफिसात आल्या. खोली सुरू झाली. मंजुरी तेवढी बाकी होती.

*

खोलीवर शेवंता सिस्टर होत्या. पेशंट जरा हलला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले : नाव काय, गाव कोणतं, राजधानी कोणती?

लालबागचे एक भूगोलाचे मास्तर भिंतीवर नकाशा टांगताना शिडीवरून पडले. आठ दिवस शुद्ध नव्हती. नेमकी त्याच आठ दिवसांत, छप्पन साली, राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली!

मास्तरांनी डोळे उघडले. सिस्टरनी विचारलं, "राजधानी?"

"नागपूर."

सिस्टरनी फुली मारली. डॉक्टरांनी ती खोडली. "शुद्ध गेली तेव्हा उत्तर बरोबर होतं!"

मास्तरांना सगळं समजावून सांगितलं. ते घाबरून उठून बसले. "सिस्टर, मला आता झोपू देऊ नका! पुन्हा उठेन तेव्हा तापी कुठे असेल, काय सांगावं!"

*

इच्छापूरचा एक केळीवाला शेतकरी विहिरीच्या काठावरून घसरला. तिसऱ्या दिवशी डोळे किलकिले झाले. भोवती काका, मेहुणा आणि भाऊ. सिस्टरनी राजधानी विचारली, आणि काकांनी पेशंटला हळूच सांगितलं, "नागपूर म्हण, नागपूर!"

मेहुणा म्हणाला, "काका, अब भोपाल हो गया!"

भाऊ म्हणाला, "मुंबई म्हण रे! आपला भाग तर मुंबई राज्यातच जाणार होता!"

तिघांची जुंपली. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "बाहेर जाऊन भांडा ना बे! डोकं दुखू राहिलं माझं!"

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'पेशंट शुद्धीवर.' आणि सिस्टरना म्हणाले, "नातेवाईकांना भरती करा!"

*

अर्ज नागपूरहून परत आला : 'आपण आता आमचे नाही.' आम्ही भोपाळला पाठवला. तिथून कळलं : 'आपण आमचे आहात का, ते पाहत आहोत.' पाहून झाल्यावर शेरा आला : 'वेगळी खोली हवी असल्याबद्दल संबंधित बेशुद्ध रुग्णांचे सहीचे निवेदन जोडावे.'

"काय कळवू?" मी विचारलं.

"कळवा, पेशंट सध्या उत्तर देत नाहीत. खात्यासारखेच!"

मी अर्थातच दुसरं वाक्य गाळलं. तरी कोणाला तरी लागलं असावं, कारण खोलीची गरज आहे का हे तपासायला भोपाळहून एक साहेब निघाले.

*

स्टेशनवरून येताना साहेबांचा टांगा कलंडला. साहेब डोक्यावर पडले, पण लगेच टोपी झटकून उठले. "कुछ नहीं हुआ!" ऑफिसात आले, मोडक्या खाटांना वळसा घालून बसले, फाईल मागितली. पाच मिनिटांनी पुन्हा मागितली. फाईल समोरच होती. मग मिटल्या डोळ्यांनी वाचू लागले. आमच्या खात्यात ही पद्धत रूढ असल्यामुळे मी चहा झाकून ठेवला.

डॉक्टर आत आले. सवयीनं टॉर्च काढला. साहेबांची एक बाहुली मोठी!

पुढचं सगळं धावपळीत झालं. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून साचलेलं रक्त काढलं. साहेब आमच्या बिनमंजुरीच्या खोलीत. दर पंधरा मिनिटांनी टॉर्च, दर पंधरा मिनिटांनी चिमटा. भोपाळच्या साहेबांना चिमटे काढायला शेवंता सिस्टर कधी एक मिनिट उशिरा आल्या नाहीत!

चौथ्या दिवशी सिस्टरनी विचारलं, "राजधानी?"

"भोपाल. और मेरी फाइल लाओ."

निघताना साहेबांनी डॉक्टरांना मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा अहवाल पुढच्या महिन्यात आला. मी तो मोठ्यानं वाचला :

'समक्ष पाहणी केली. डोक्याच्या रुग्णांसाठी वेगळी खोली दवाखान्यात आधीपासूनच असून ती उत्तम चालते. सबब नव्या खोलीची गरज दिसत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मात्र मोडक्या खाटा ऑफिसात आढळल्या. स्टोअररूम नसल्यास तसा रीतसर अर्ज करावा.'

डॉक्टर इतके हसले की टॉर्च हातातून पडला. मग म्हणाले, "लिहा, बाबूजी."

मी लिहिला. त्यांनी सही केली. भोपाळला गेला.

मी निवृत्त झालो तेव्हा खाटा ऑफिसातच होत्या. अर्ज विचाराधीन आहे.